चार तासांची बाटली: गुजरातच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. 32 वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. बुधवारी ममता दिवसाला, म्हणजे बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी, हात कमी पडले की अजूनही मदतीला जाते. (पत्र मराठीत आहे, गुजराती प्रत टपालानं पाठवली आहे.)

गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते. द्रावक घालून एकदा तयार केली की चार तासांत संपवायची, उरेल ती टाकायची. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर पुढच्या सत्रालाही चालते, हिची मात्र गय नाही.

गेल्या हिवाळ्यात एक बाई नऊ महिन्यांची मुलगी घेऊन आली. जवळच्या बांधकामावर राहत होती. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलानं आधार मागितलं. "ठेकेदाराकडे आहे." मोबाइल नंबर? तो नवऱ्याकडे, आणि नवरा कामावर. गाव विचारलं तर मालदा म्हणाली, म्हणजे पश्चिम बंगालचा बांगलादेश सीमेलगतचा जिल्हा. तिची हिंदी ऐकून रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "बांगलादेशी हशे" (असेल). बाईनं पोरीला पदराआड घेतलं आणि निघून गेली.

मी पाच पावलांवर होते. सिरिंज हातात होती, तोंड उघडलं नाही. दुपारी त्याच बाटलीतले तीन डोस मीच टाकून दिले. पुढच्या आठवड्यात बांधकामावर शोधायला गेले, तर तिची झोपडी रिकामी.

ती मालदाची की सीमेपलीकडची, मला आजही ठाऊक नाही. गोवर, म्हणजे आपल्या गुजरातीतली ओरी, ते विचारून लागत नाही. रोगी खोलीतून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. साथ थोपवायची तर शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. कागद नसलेली मुलं मोजणीतून वगळली तर आकडा छान दिसतो, एवढंच.

एप्रिल 2025 मध्ये अहमदाबाद आणि सुरतेत पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून हजारावर लोकांना कागद तपासायला नेलं. ते काम योग्य की अयोग्य, यात मी पडत नाही. पण तेव्हापासून इथल्या वस्त्यांत वहीपेन घेतलेला माणूस दिसला की दारं लागतात. आशाताईंच्या हातातही वहीच असते. ज्यांचे कागद पक्के आहेत, तेही लपतात.

आधार नसेल तर बाळाला लस देऊ नका, असा नियम 32 वर्षांत मला कोणी दाखवलेला नाही. उलट कोविडच्या काळात, 6 मे 2021 ला, ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची याची कार्यपद्धती केंद्रानंच काढली होती. मग बाळांसाठी अडचण कुठे येते? टेबलावरच्या कंत्राटी मुलाला पोर्टलची रिकामी चौकट भरायची असते. चूक झाली तर त्याला कोण सांभाळणार? म्हणून तो नाही म्हणतो.

त्याला आपल्या सहीचा एक कागद द्या, साहेब. कागद नसला तरी आधी लस टोचा, नोंद आईच्या नावावर आणि वस्तीच्या पत्त्यावर करा, आणि ही यादी लसीकरणाखेरीज कोणाच्या हाती जाणार नाही. तोच मजकूर गुजराती, हिंदी आणि बांगलात दारावर लावा. बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर संध्याकाळी सत्र घ्या; आई बुधवारी सकाळी आली तर तिची दिवसाची मजुरी बुडते.

दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. त्या मुलीला अजून पहिलाच द्यायचा आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, बडोदे