व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कंडेन्सरचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा) गिटार अ‍ॅम्प्लिफायर बांधण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय छापलात, बरं वाटलं. वेंगुर्ल्यात माझ्या टेबलावर हल्ली रेडिओपेक्षा पोरांचे असले खटाटोपच जास्त येतात. पण कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा सुटा भाग, ‘जमेल तेवढा मोठा घालावा’ हा त्यातला सल्ला वाचून कुणी सामान आणायला निघण्याआधी चार शब्द लिहिणं भाग आहे.

लेखातला सर्किटचा नकाशा फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९५५ च्या डीलक्स अ‍ॅम्प्लिफायरचा, म्हणजे ५ई३ चा. त्यात ६व्ही६ च्या, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला (सूर आत शिरतो त्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे सूर पुढे सोडून डीसी अडवणारा, ०.१ मायक्रोफॅरडचा आणि ग्रिडचा रेझिस्टन्स २२० किलोओहमचा. ही जोडी पार ७ हर्ट्झपर्यंतचा खर्ज पुढे सोडते. गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ८२ हर्ट्झवर. मग त्याखालचा पसारा हवा कुणाला? परवाच एक पोरगा तक्रार घेऊन आला, “काका, बरो वाजता, पण आवाज वाढयलो काय जाडी तार नुसती भसभसता.” कारण सरळ आहे. जोरात वाजवलं की ग्रिड करंट ओढतं, कंडेन्सर भरतो, बायस (ग्रिडचं ठरवून दिलेलं व्होल्टेज) सरकतं आणि कंडेन्सर रिकामा होईपर्यंत पुढचा सूर घुसमटतो. ०.१ ला त्यासाठी २२ मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो, ०.०२२ ला जेमतेम ५. शिवाय ०.०२२ घातला तरी खालची हद्द ३३ हर्ट्झवर राहते, म्हणजे तारेचा सूर शाबूत. मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या साठीच्या दशकाअखेरच्या लीड मॉडेलांत तर खर्ज आवरायला पहिल्या व्हॉल्व्हच्या एका कॅथोडला (व्हॉल्व्हच्या आतल्या दुसऱ्या टोकाला) अवघा ०.६८ मायक्रोफॅरड आहे. फेंडर तिथे २५ घालत असे. मात्र हळू आवाजात, स्वच्छ सुरात वाजवणाऱ्याने ०.१ खुशाल ठेवावा.

आता फिल्टर, म्हणजे विजेतला चढउतार गाळणारे कंडेन्सर. मूळ नकाशात १६ मायक्रोफॅरडचे तीन आहेत. ते अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेवरचे. आपली वीज ५० ची, त्यामुळे त्याच कंडेन्सरवर हम (स्पीकरमधली घूं-घूं) थोडा जास्त राहतो. तेवढीच गाळणी हवी तर १९ च्या आसपास लागतात, आणि बाजारात मिळतो २२. तोच घालावा. लेखातला १०० चा सल्ला पहिल्या जागी, म्हणजे रेक्टिफायरच्या लगेच पुढे, तर मुळीच नको. ५वाय३ च्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या, जुन्या माहितीपत्रकांत तिथे १०-२० मायक्रोफॅरडच धरलेले असतात. १०० घातलात तर बटण दाबल्यावर रेक्टिफायरमध्ये ठिणगी पडू शकते. हे कंडेन्सर ५०० व्होल्ट सोसणारे घ्या, कारण ५वाय३ आधी तापतो, ६व्ही६ मागून, आणि मधल्या वेळात व्होल्टेज चढलेलं असतं.

नारिंगी रंगाच्या महागड्या कंडेन्सरांचं कौतुक सोडून देतो. साधा पॉलिप्रॉपिलीनचा, ६३० व्होल्टचा पुरतो. जुन्या रेडिओतले मेणकागदी काढून ‘अस्सल’ म्हणून लावू नयेत, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी. पावसाळ्यात ते ओल धरतात, डीसी गळून ग्रिडवर येतो आणि ६व्ही६ ची आतली प्लेट तापून लाल होते. शंका असेल तर ६व्ही६ काढून, सॉकेटच्या ग्रिडच्या पिनवर मीटर लावावा. तिथे डीसी दिसला की तो कंडेन्सर बाद.

लेखात एक ओळ मात्र असायलाच हवी होती. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरांत साडेतीनशे व्होल्ट थांबून असतात, आणि ते जीव घेऊ शकतात. पहिल्या फिल्टरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडावा. २२ चे तीन असतील तर दीडेक मिनिटात व्होल्टेज उतरतं, तरी मीटरने बघितल्याशिवाय हात घालू नये. शाळा-कॉलेजची पोरं सुट्टीत हा लेख समोर ठेवून बसतील, तेव्हा एवढा मजकूर तरी पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकटीत छापावा, ही विनंती.

कळावे,
एक जुना रेडिओ दुरुस्तीवाला, वेंगुर्ले