दुष्काळ संपला म्हणून लगेच पेढे नकोत

संपादक साहेब, नमस्कार.

मी सॅन होजेला राहते, मूळची लातूरची. तुमच्या पेपरात आलं की पावसाने कॅलिफोर्नियाचा दुष्काळ धुऊन काढला, ते वाचून लगेच आईचा फोन, "पाणी आलं ना, मग रडताय कशाला?" मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं ते 2016 चे दिवस जिने काढलेत तिला काय बोलणार.

पण इथे 26 डिसेंबर 2022 पासून तीन आठवड्यांत नऊ वादळं आली हो, एकामागोमाग. अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात, समुद्रावरून वाफेचा लांबच लांब पट्टा येतो आणि डोंगराला अडून रिकामा होतो, आणि जिथे आधी वणवे लागलेत तिथे पाणी मुरत नाही, चिखल घेऊन खाली येतं.

मागच्या दुष्काळातही हेच झालं, आधी टंचाई आणि मग पूर. 2015 ला शहरांना 25 टक्के पाणीकपात होती, शॉवर गरम होईपर्यंतचं पाणी आम्ही बादलीत धरायचो (आई म्हणे, अमेरिकेत पण बादलीच का!). आणि फेब्रुवारी 2017 मध्ये ओरोव्हिल. 770 फुटांचं, अमेरिकेतलं सगळ्यात उंच धरण, त्याच्या सांडव्याला (जादा पाणी सोडायची वाट) भगदाड पडलं म्हणून विसर्ग कमी केला, तर पाणी चढून आणीबाणीच्या सांडव्यावरून वाहायला लागलं, 1968 नंतर पहिल्यांदाच, आणि त्याच्याखाली नुसती उघडी टेकडी, ती खचायला लागली तसं 1 लाख 88 हजार लोकांना घर सोडायला सांगितलं. तिथे काँक्रीट करा असं पर्यावरणवाल्यांनी 2005 मध्येच सांगितलं होतं, कोण ऐकतंय.

त्याच महिन्यात वरचं अँडरसन धरण भरून वाहिलं आणि आमच्या कायोटी क्रीकला पूर. आदल्या उन्हाळ्यात त्या कोरड्या नाल्यात पोरं सायकली फिरवत होती. आम्हाला निघा म्हणून सांगायला माणूस आला तेव्हा गॅरेजमध्ये घोट्याच्या वर पाणी होतं, आणि ती दुष्काळातली बादली त्यात तरंगत होती!

टंचाईत सगळ्यांचे डोळे धरण किती भरलं यावर, सांडव्याकडे कोण बघतो? हिवाळ्यात पुरासाठी धरणात जागा मोकळी ठेवावी लागते, तर त्यासाठी पाणी सोडलं की लोक ओरडतात, वाया घालवलं म्हणून. आपल्याकडे तरी काय वेगळं, धरण 100 टक्के भरलं की पुढाऱ्यांचे जलपूजनाचे फोटो पहिल्या पानावर. छापा, आनंदाचीच गोष्ट आहे, पण शेजारी दोन ओळी विसर्ग किती चाललाय आणि सांडवा शेवटचा कधी तपासला तेही छापत जा ना.

एक वाचक, सॅन होजे