वाळूची ऊब आणि कासवांची पिल्ले

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

यंदा गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावरून पिल्ले भरपूर सुटली, म्हणजे कासवांचे बरे चालले आहे, असे तू निपाणीहून लिहिलेस. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

तिथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे बीजधारणेच्या वेळी ठरत नाही. हातभर खोल खड्ड्यात शंभरेक अंडी पुरून मादी समुद्रात परतली, की पुढचे वाळूची ऊब ठरवते. अंडी उबण्याच्या सुमारे पन्नास दिवसांपैकी मधल्या काळात वाळू २९-३० अंशांच्या आसपास राहिली तर नर-मादी दोन्ही निपजतात, त्याहून थंड राहिली तर बहुतेक नर, उष्ण राहिली तर बहुतेक माद्या. आणि ३४-३५ अंशांवर फार दिवस तापली तर गर्भच दगावतात. (आपल्या चिकोडी-अथणीकडच्या कृष्णेतील मगरींचे लिंगही उबेवरच ठरते, पण तिथे कमी उबेला माद्या आणि ३२-३३ अंशांच्या सुमारास नर.)

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो वाचून मी हबकलो. तिथल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या होत्या, प्रौढांत मात्र सुमारे ८७ टक्के. किनारा कसा तापत गेला, हे वयांच्या या फरकातच दिसते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या वाढल्या की काही काळ अंडी उलट वाढतीलच, आणि फसगत होते ती इथेच, कारण आज नर कमी निपजले तरी ती उणीव ही पिल्ले वयात आल्यावरच जाणवणार, आणि वयात यायला रिडलेला दहा-पंधरा वर्षे, हिरव्या कासवाला तर त्याहून कितीतरी अधिक लागतात.

कुत्री, कोल्हे आणि भरती यांपासून वाचवण्यासाठी अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून केलेल्या उबवण्याच्या जागेत, हलवतात, ते योग्यच आहे. पण खड्डा किती खोल खणला, वर सावली धरली की नाही, यावर पिल्लांचे लिंग नकळत आपणच ठरवत असतो. सुरूच्या झाडांखालची वाळू आणि उघड्यावरची वाळू यांतला फरक दुपारी अनवाणी पायालाही कळतो. अंड्यांना तर एक-दोन अंशही पुरतात. शिवाय नवजात पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे सुटलेल्या पिल्लांच्या आकड्याशेजारी वाळूचे तापमान लिहिलेले नसेल, तर तो आकडा मला अर्धाच वाटतो. सरसकट सावलीची जाळी टाकून वाळू गार करणे हाही उपाय नव्हे. तशाने सगळे नरच निपजायचे.

तुझा भाचा कारवारला असतो ना? तिथल्या हॅचरीत अंड्यांच्या खोलीवर तापमापक ठेवतात का आणि त्याची नोंद कोण करतो, एवढे त्याच्याकडून विचारून मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक