सूचना : भूकंपाच्या दृष्टीने घरातील रसायनांची साठवण

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भूकंपाच्या हादऱ्याने फळीवरील बाटल्या एकाच वेळी खाली पडून फुटतात आणि ब्लीच व शौचालय सफाईचे ॲसिड जमिनीवर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून हे दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या कपाटांत, सर्वांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या प्लास्टिकच्या टबमध्ये उभे ठेवावेत. कपाटाला कडी असावी, कारण नुसते चुंबकी दार हादऱ्याने सहज उघडते. थिनर व रॉकेल हे दोन्ही शेगडीपासून दूर ठेवावे. पाण्याच्या जुन्या बाटलीत फिनेल भरून ठेवण्याची सवय (ती बहुतेक घरांत आहेच) कृपया सोडावी. अंधारात, गडबडीत ती बाटली तोंडाला लागू शकते.