पावसाळ्यात रानात रात्र काढायची तर

जुन्नर, २८ जून

प्रिय विन्या,

जुलैत आहुप्याहून भीमाशंकरला निघालायस, तर धुक्यात वाट चुकून रात्र रानातच काढावी लागेल हे धरून चल. पिशवीत गोठ्यावर घालतात तो प्लास्टिकचा जाड कागद टाक, ८ बाय १० फुटांचा, आणि ५० फूट नायलॉन दोरी. दोघांना पुरतं.

वाट हरवली की दीड तास उजेड हाताशी असतानाच जागा धर. ओढ्याचं पात्र कोरडं दिसलं तरी नको. कड्याखाली दरडीची भीती. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तेही बघ. झाडीतली किंचित उताराची जागा बरी. सपाट खळग्यात मध्यरात्री डबकं होतं.

बारा-तेरा फुटांवरच्या दोन झाडांना दोरी ताण, कमरेएवढीच उंच. जास्त उंच केलंस तर कागदाचं शीड होतं. वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून त्या बाजूला ५ फूट कागद जमिनीला टेकव, कडेवर दगड ठेव. उरलेला ३ फूट पलीकडे उतरता ताण. कागदाला भोक पाडू नकोस, पहिल्याच झोताला टरकतो. कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा गुंडाळ आणि त्याच्या मानेला दोरी आवळ. शेवटची गाठ सुरगाठच मार; भिजलेली निरगाठ गारठलेल्या बोटांना सुटत नाही. आणि एक गोम: झाडावरचं पाणी दोरीवरून ओघळत थेट आत येतं. झाड आणि कागद यांच्यामध्ये दोरीला चिंधी बांधून लोंबती सोड, पाणी तिथेच ठिबकतं.

सगळे छपरासाठी जीव टाकतात, अंथरुणाकडे कुणी बघत नाही. खरा गारठा खालून चढतो. आधी चढाच्या बाजूला चार बोटं खोल चर काढ. मग पडलेल्या कारवीच्या काठ्या शेजारीशेजारी मांड (अभयारण्य आहे, उभी तोडू नकोस) आणि वर पाला टाक. दाबल्यावर वीतभर उरला पाहिजे, म्हणजे सुरुवातीला गुडघाभर लागतो. ओला पाला झटकून चालतो, फक्त वर रिकामी खताची गोणी अंथर. कोरडे कपडे आता घाल, उद्यासाठी राखू नकोस. पाठपिशवी रिकामी करून पाय तिच्यात घाल.

शेकोटीच्या नादी लागू नकोस. त्या पावसात लाकूड पेटत नाही, आणि पेटलं तरी कागदाखाली धूर कोंडतो.

निघण्याआधी एकदा गच्चीवर बांधून वर दोन बादल्या पाणी ओत. कुठे तुंबतं ते दिसेल.

तुझा,
बाळ्या