कॅव्हेंडिशांच्या वाड्यातून

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल ताई आणि जावईबापू मला डर्बीशायरमधला चॅट्सवर्थचा वाडा बघायला घेऊन गेले. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा, घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. आपली केळी ज्या नावानं जगभर विकली जातात, ते या घरचं आडनाव आहे. इतकी वर्षं केळी पिकवून मला हे आत्ता कळलं.

वाड्यातली रंगवलेली छतं बघून झाली, पण माझा जीव बाहेरच होता. नदीपर्यंत उतरत गेलेली हिरवळ, मधूनमधून झाडांचे पुंजके, चरणाऱ्या मेंढ्या. वाटतं देवानंच असं ठेवलंय, पण ही आखणी 1760च्या दशकात केपेबिलिटी ब्राऊन या बागा आखणाऱ्यानं केली. पुढे 1838 नंतर एडेन्सर गावाची बरीचशी घरं पाडून गाव थोडं पलीकडे नवं वसवलं. घरं देखणी आहेत, तरी गाव हलवलं हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

कारंजं मात्र तू बघायला हवं होतंस. 1844 सालचं, मोटर नाही की पंप नाही. वर डोंगरावर आठ एकरांचं तळं खोदलंय आणि नुसत्या उताराच्या दाबानं पाणी उसळतं.

हे काम जोसेफ पॅक्स्टनचं. तेविसाव्या वर्षी तो इथला मुख्य माळी झाला. मॉरिशसहून इंग्लंडात आलेली एक बुटकी केळ त्यानं काचघरात ऊब देऊन वाढवली. 1835च्या नोव्हेंबरात ती निसवली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत शंभरावर केळी लागली. मालकाचं नाव त्या जातीला मिळालं. बाळा, ती जात म्हणजे आपली बसराई! तू लावतोस ते जी-नाइन वाणही त्याच कुळातलं.

काचघरात आजही केळ आहे. मी पान हातात धरून पाहिलं. एवढं मोठं पान, पण एकही चीर नाही. वारा कधी लागलाच नाही ना त्याला. आपल्याकडे मे महिन्यात पानांच्या चिंध्या होतात, तरी घड भरतो.

विहिरीजवळचं आजोबांचं बसराईचं बेट काढून तिथेही टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं लावायची म्हणत होतास. केळीला बी नसतं, कंदावरच तिचा वंश चालतो. मी येईपर्यंत बेटाला हात लावू नकोस. एक ठिबकची नळी तिकडे फिरव आणि जास्तीची पिलं तेवढी कापून घे.

आईला सांग, गुडघा बरा आहे.

तुझे,
बाबा