शार्कची भीती आणि सिलिंडरमधली हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शार्क चावल्याच्या बातमीला मथळा मोठा मिळतो. पण तो माणूस पाण्यावर पोहत होता की तळाशी होता, भाल्याने मासे मारत होता का, शार्क कोणत्या जातीचा होता, हे शोधूनही सापडत नाही. हे तपशील छापलेत तर स्कूबा (हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहणे) शिकू पाहणाऱ्या अनेकांची निम्मी भीती तिथेच उतरेल.

शार्कच्या 500 हून अधिक जाती आहेत. जीवघेण्या चाव्यांत ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल ही तीनच नावे पुन्हा पुन्हा येतात. विनाकारण चावा घेतल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण 60-70, मृत्यू सहसा दहाच्या आत. आणि त्यांत सर्फिंग करणारे व पाण्यावर पोहणारेच जास्त.

पण आकडे पाठ करून भीती जात नाही. खरा धोका भीतीने बिघडलेल्या श्वासाचा असतो. 12 लिटरचे सिलिंडर 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरले की हवा होते सुमारे 2400 लिटर. 50 बार राखीव सोडले तर हाती 1800. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागतात असे धरू. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून 40 लिटर, म्हणजे 45 मिनिटे. घाबरून धाप लागली की तीच हवा वीस-बावीस मिनिटांत संपते. शिवाय वरवरच्या भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, सिलिंडर भरलेले असूनही गुदमरल्यासारखे होते आणि माणूस वर धाव घेतो. त्यात श्वास रोखलेला असला तर 10 मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुपटीने फुगू पाहते. फुप्फुस फाटते ते असे, आणि तिथे शार्कचा काही संबंध नसतो.

म्हणून तयारी जलतरण तलावापासून. मास्कमध्ये पूर्ण पाणी भरू द्यायचे, वरची कड कपाळाशी दाबून नाकाने हवा सोडत ते काढायचे. मग मास्क उतरवून मिनिटभर नुसत्या रेग्युलेटरवर (सिलिंडरची हवा तोंडात देणारे साधन) श्वास. रेग्युलेटर तोंडातून सुटला तर बारीक बुडबुडे सोडत राहून तो शोधायचा. हे विचार न करता जमेपर्यंत समुद्राची घाई नको. श्वासाची लयही इथेच बसवावी: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखणे नाही.

नजरेचीही तयारी लागते. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. दीड मीटरचा शार्क दोन मीटरचा वाटतो, चार मीटरवरचा तीनवर आलेला भासतो. तिथे कोणत्या जाती दिसतात, हे प्रशिक्षकाला आधीच विचारावे. व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा बहुधा कपारीत पडून असतो. व्हेल शार्क अवाढव्य खरा, पण खातो प्लवक आणि लहान मासे. छातीचे पर खाली ताणलेले, पाठ कमानीसारखी आणि डोके झोकांड्या दिल्यासारखे हलत असेल, तर मात्र तो तुम्हाला निघा म्हणतो आहे. ग्रे रीफ शार्कमध्ये हे स्पष्ट दिसते. अशा वेळी पाठ दाखवून पळू नये. बडीला (सोबतच्या जोडीदाराला) चिकटून, उभ्या स्थितीत, नजर न हटवता हळूहळू मागे सरावे.

आमिष दाखवून शार्क बोलावणाऱ्या सहली नवशिक्यांनी टाळलेल्याच बऱ्या. भीती आहे हे प्रशिक्षकाला सांगायला लाजू नये. अंगठा वर म्हणजे डाइव्ह संपली, ही खूण कुणीही, कधीही, कारण न देता करू शकतो. आणि शार्क नुसताच लांबून फिरत असेल व हवा पुरेशी असेल, तर त्याच्या धास्तीने वर येताना 5 मीटर खोलीवर घ्यायचा 3 मिनिटांचा सुरक्षा थांबा गाळू नये. वर येण्याचा वेगही मिनिटाला 9 मीटरच्या आतच ठेवावा.

– एक स्कूबा प्रशिक्षक